आकाशातून चाळीस मिनिटं

६ नोव्हेंबर

वन्सं,

पत्र बघून हसशील. माझा फोन पडून फुटला, आणि तुझ्या दादाच्या फोनवरून बोलायचं म्हणजे तो शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकणार. म्हणून दुकानातून लिहितेय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव.

अक्षर वाकडं आलंय. उजव्या हाताची तीन बोटं पट्टीत आहेत, स्टुलावरून पडले. मालकीणबाई म्हणाल्या, "शिंपिणीनं पडायचंच तर पाठीवर पडावं." तरी त्यांनी मला कामावरून काढलं नाही. काजं-बटणं दुसरीला दिली आणि मला मापं घ्यायला बसवलं.

त्यामुळेच एक गंमत कळली. नव्या विमान कंपनीच्या मुली गणवेश आत घ्यायला आमच्याकडे येतात. त्यातली एक सांगत होती की आमच्या गावाहून तुमच्या गावाला आता रोज विमान जातं. चाळीस मिनिटं. वन्सं, लग्नानंतर तुझ्याकडे आले होते तेव्हा बसनं अकरा तास लागले होते आणि अख्ख्या घाटात मी पिशवीत तोंड घालून बसले होते. आणि ही पोरगी म्हणते, चाळीस मिनिटं. तेवढ्यात माझी धड एक बाहीसुद्धा जोडून होत नाही.

विमानात बसायला काय काय लागतं गं? एकट्या बाईला बसू देतात ना? घरच्या कुणाची सही वगैरे लागते का? सामान किती नेता येतं? आणि गेल्यावर परतीचं तिकीट दाखवावंच लागतं का? तू विमानतळावर काम करतेस, तुला माहीत असेल. सहज विचारलं.

आईंना नमस्कार.

तुझी वहिनी


१३ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

हसलेच. घरच्यांची सही! शाळेच्या सहलीला निघालीस का? ओळखपत्र आणि तिकीट, बस्स. परतीचं कुणी विचारत नाही. आणि मी विमानतळावर असले तरी विमानाच्या शेपटीलाही माझा हात लागत नाही. मी हवामानाच्या खोलीतली. वारा किती, ढग किती उंचीवर, किती लांबचं दिसतंय, एवढं बघायचं आणि वर मनोऱ्यात कळवायचं. आई लोकांना सांगते, "माझी मुलगी दिवसभर खिडकीतून बाहेर बघते, त्याचा पगार मिळतो."

तुमचं गाव इथून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर. रस्ता मात्र डोंगराला वळसे घालत त्याच्या दुप्पट होतो, वर घाट. म्हणून ते अकरा तास. विमान सरळ वरून येतं. चढायला दहा मिनिटं, उतरायला तेवढीच, मधली वीस मिनिटं काय ती खरी. पाणी प्यायला घेतलंस तर पेला रिकामा होईपर्यंत उतरायची वेळ होते. फक्त हिवाळ्यात सकाळी आमच्या तळ्यावरून धुकं येतं, तेव्हा खोळंबा होतो.

तर या दोघं. दादाला म्हणावं, चार दिवस दुरुस्ती सोड, लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना जरा अडकू दे. आईला तर त्याच्या नावानंच भरून येतं.

आणि स्टुलावरून पुन्हा पडलीस? मागच्या वर्षी बरगडी, आता बोटं. ते स्टूल जाळ एकदा.

तुझी वन्सं


२० नोव्हेंबर

वन्सं,

आमच्या घरात स्टूल नाही. कधीच नव्हतं.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, आता बाकीचं पटकन लिहिते. त्या सकाळी मी कामावर निघाले होते. तुझा दादा म्हणाला, काल कुणाशी एवढं बोलत होतीस? मी म्हटलं, मालकीणबाईंशी. त्यानं माझा फोन जमिनीवर ठेवला आणि पान्यानं ठोकला. शांतपणे, खिळा ठोकावा तसा. मग माझा हात कपाटाच्या फटीत धरला, दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला. चहा पीत होता गं. बशी हातात होती. दोन घोट घेतले की विचारायचा, "आता आठवलं?" मी ओरडले तर म्हणाला, शेजारी काय म्हणतील. नंतर दवाखान्यात त्यानंच नेलं, डॉक्टरांना त्यानंच स्टुलाची गोष्ट सांगितली आणि त्यांची बंद पडलेली लिफ्टही चालू करून दिली. डॉक्टर मला म्हणाले, नशीबवान आहात.

बरगडी म्हणजे बुटाची लाथ. त्याआधीचं तुला माहीतच नाही. पोटात होतं, तिसरा महिना. आईंना आम्ही सांगितलं की टिकलं नाही. टिकलं असतं.

तो तुझा भाऊ आहे. तू हे पत्र फाडलंस तरी मला नवल वाटणार नाही. पण माझ्या माहेरी कुणी उरलेलं नाही आणि या गावात तो सगळ्यांचा लाडका आहे. मी येऊ का? एकटी. परत न जाण्यासाठी. आईंना यातलं काही सांगू नकोस.

वहिनी


२५ नोव्हेंबर

वहिनी,

पत्र वाचलं आणि आधी तुझाच राग आला. वाटलं, दोघांत काही बिनसलंय आणि ही तिखटमीठ लावतेय. मग मी भांडी घासत होते, तर डाव्या मनगटाकडे लक्ष गेलं. तिथलं हाड जरा वर आलेलं आहे, तू एकदा विचारलंही होतंस. मी सातवीत होते. दादानं हात पिरगळला, हाड मोडलं. मोडताना तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात धावला, आणि तेवढंच घरात सगळ्यांच्या लक्षात राहिलं. माझ्यासुद्धा.

ये.

बसनं नको. तू निघालीस हे त्याला कळलं तर मोटरसायकलवरून घाटाच्या आत गाठेल. विमानात बसलीस की चाळीस मिनिटांत माझ्यापाशी. तीन तारखेचं दुपारचं तिकीट काढलंय. सकाळचं मुद्दाम घेतलं नाही, धुक्यात अडकशील. नेहमीसारखी दुकानात जा, आणि तिथूनच मालकीणबाईंसोबत विमानतळावर. सामान काही घेऊ नकोस.

आईला सांगितलेलं नाही. पण तिचे कान तिखट आहेत, दोन दिवस माझ्याकडे टक लावून बघतेय.

तुझी वन्सं


९ डिसेंबर

वहिनी,

हे पत्र मालकीणबाईंच्या हाती देतेय, त्या तुला दवाखान्यात वाचून दाखवतील. मी दोनदा येऊन गेले, तू शुद्धीत नव्हतीस. त्या दिवशी इकडे काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

आईनं मला मालकीणबाईंशी फोनवर तिकिटाबद्दल बोलताना ऐकलं होतं. तू विमानात बसल्यावर तिनं मला कामावर फोन केला. म्हणाली, "मी त्याला कळवलंय. नवरा-बायकोचं काय ते समोरासमोर मिटू दे." तिचा फोन येताच तो विमानतळाकडे सुटला होता, पण तो पोचेपर्यंत विमान उडालं होतं. मला हायसं वाटलं. अर्ध्या तासात तू इथे असणार होतीस आणि तो तिथेच राहणार होता.

सकाळचं धुकं अकराला फाटलं होतं, म्हणून तर विमान निघालं. पण तळ्याकडून पुन्हा लोट आला. मी खिडकीशी गेले. आमच्या खुणा ठरलेल्या असतात. डोंगरावरचा खांब दिसला तर इतकं अंतर, पाण्याची टाकी दिसली तर तितकं. खांब गेला. मग टाकी गेली. मनोऱ्यातून विचारणा झाली, किती दिसतंय? दीड किलोमीटर म्हटलं असतं तर विमान उतरायला आलं असतं. त्याच्या खाली गेलं तर परत फिरणार. आणि परत फिरलं तर कुठे आणि कुणापाशी, हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं.

वहिनी, मी खरं सांगितलं. आठशे मीटर.

विमान दोन घिरट्या घालून परत गेलं. आवाज ऐकू येत होता, विमान दिसत नव्हतं. मी लगेच तुमच्या विमानतळावर फोन लावला, माझी वहिनी आहे विमानात, तिच्या नवऱ्याला आत येऊ देऊ नका. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, घरगुती भांडणं आम्ही बघत नाही." पोलीस चौकीत फोन कुणी उचललाच नाही.

तू मला काहीही बोल. नाही बोललीस तरी चालेल.

वन्सं


१८ डिसेंबर

वन्सं,

जबडा तारेनं बांधलाय, त्यामुळे बोलायचं ते लिहूनच.

विमानात मी खिडकीशी होते. तुझं म्हणणं खरं, पाण्याचा पेला रिकामा होतो न होतो तोच उतरायची घोषणा झाली. मग बाहेर नुसतं पांढरं. वळलो, परत वळलो. मग सांगितलं, परत जातोय. शेजारची बाई चिडली, तिच्या भाच्याचं लग्न होतं. मी म्हटलं, होईल उद्या. मला कुठे माहीत होतं.

बाहेर पडायच्या दारातच तो उभा होता. हसला. म्हणाला, "आलीस?" मी मागे वळले तर केस धरले. सामानाच्या ढकलगाडीवर माझं तोंड आपटलं, तेव्हा जबडा गेला. मी खाली पडले आणि तो कानावर लाथा मारत राहिला, एकाच कानावर. माणसं बाजूला सरकली, वन्सं. एकानं आपली बॅग उचलून घेतली, रक्त लागू नये म्हणून. एक म्हातारा "अहो, पुरे आता" म्हणाला, जसं काही त्याचं मला पुरेसं मारून झालं होतं. जिच्या गणवेशाचं माप मी घेतलं होतं ती पोरगी किंचाळत आत पळाली आणि पायलटला घेऊन आली. त्यानं तुझ्या दादाला मागून धरलं. दादानं त्याचं नाक फोडलं. तेव्हा मात्र चार रखवालदार धावले. वन्सं, त्याला अटक झाली ती पायलटच्या नाकासाठी. माझं नाव तक्रारीत दुसऱ्या दिवशी घातलं, तेही मालकीणबाई चौकीत ठाण मांडून बसल्या म्हणून.

आता तुझ्या पत्राचं. दोन दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी कडाकडा भांडले. तुला एक आकडा खोटा सांगता आला नाही? एकच? मग तो पायलट नाकावर पट्टी लावून भेटायला आला. भला माणूस आहे. मी पाटीवर लिहून विचारलं, उतरता आलं असतं का? तो म्हणाला, "ताई, मला तळं कुठे आणि जमीन कुठे तेच दिसत नव्हतं. खालून सांगितलं नसतं तर प्रयत्न केला असता मी. मग तुम्हीही नसता आणि मीही नाही." आम्ही अडतीस जण होतो.

तेव्हा तू बरोबर वागलीस. मला पटलं. पण राग गेलेला नाही. तो राहू दे, त्याचं तू काही करायला जाऊ नकोस, माफी तर मागूच नकोस.

त्याला जामीन मिळतोय असं वकीलबाई म्हणतात. मला इथून निघायलाच हवं. विमान बंद: कानाचा पडदा फाटलाय, डॉक्टर म्हणाले, एवढ्यात वर गेलात तर कान कायमचा जाईल. तशीही त्या दारातून मी पुन्हा आत जाणार नाही. २८ तारखेला सकाळच्या बसनं येते. अकरा तास तर अकरा तास.

वहिनी


३१ डिसेंबर

वहिनी,

घाटमाथ्याच्या बसथांब्यावर तुला तिथल्या चौकीतल्या माणसानं उतरवून घेतलं, तेव्हा घाबरली असशील. मीच थांब्याच्या चौकीत फोन केला होता. तिथल्या उपाहारगृहाच्या बाईंनी तुला ठेवून घेतलं, हे कळलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आता का उतरवलं ते सांगते.

दादा सुटल्यावर थेट मालकीणबाईंच्या दुकानात गेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यानं काचा फोडल्या, शिलाई मशीन उचलून रस्त्यावर फेकलं. तेवढ्यात कपडे न्यायला आलेली एक बाई घाबरून बोलून गेली की तू सकाळीच बसनं गेलीस. तू घाटात होतीस आणि तो दुपारच्या विमानात बसला. तुझ्यानंतर सहा तासांनी निघून तुझ्याआधी चार तास माझ्या दारात.

दार आईनं उघडलं. त्यानं तिच्यासाठी संत्री आणली होती. पाया पडला. आई रडायलाच लागली. मी घरात होते, माझी कामाची पाळी संपली होती. त्यानं संत्रं सोलत विचारलं, "बस किती वाजता येते गं?" मी म्हटलं, माहीत नाही. आई म्हणाली, "सांग ना त्याला, घ्यायला जाईल तो." मी आत जाऊन दार लावलं आणि तुझ्यासाठी चौकीत फोन केला. तो त्यानं ऐकला.

दाराची कडी उखडून तो आत आला. माझा हात धरला, तोच, डावा. मला वाटलं, आता ओरडायचं नाही. त्यानं कुठे उतरवलंस विचारलं आणि मी गप्प राहिले, तेव्हा त्यानं हात पाठीमागे वळवून तिथेच मोडला, आणि मोडताना माझ्या तोंडाकडे बघत होता. आई मध्ये आली. "अरे, बहीण आहे तुझी." त्यानं तिला कोपरानं ढकललं, तिचं डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटलं. मग त्यानं माझा गळा धरला. वहिनी, डोळ्यांपुढे सगळं आत आत जात होतं, त्या धुक्यासारखं. मी मरतेय एवढं मला स्पष्ट कळलं.

आई उठलेली मला दिसली नाही. चुलीवर अंघोळीचं पाणी उकळत होतं. तिनं अख्खं पातेलं त्याच्या पाठीवर ओतलं.

तो "आई गं" म्हणून ओरडला. लहानपणी ओरडायचा तस्साच. तो जमिनीवर लोळत होता आणि आई रिकामं पातेलं हातात घेऊन त्याच्या आणि माझ्या मध्ये उभी होती. कपाळातून रक्त गळत होतं. मला म्हणाली, "फोन कुठाय? मला नंबर लावून दे." पोलिसांना म्हणाली, "माझ्या मुलाला घेऊन जा. दोघींना मारलंय त्यानं, तिसरीला मारायला निघालाय." पत्ता सांगितला. मग खाली बसून त्याच्या भाजलेल्या पाठीला पदरानं वारा घालत राहिली, पोलीस येईपर्यंत. मी ते बघू शकत नव्हते, आणि तिला थांबवूही शकले नाही.

या वेळी जामीन नाही. मी डावखुरी आणि डावाच हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून हे शेजारच्या सरांकडून लिहून घेतेय. त्यांनी मध्ये दोनदा चष्मा पुसला.

तू ये, किंवा तिथे थांब. तुझी मर्जी.

वन्सं


१२ जानेवारी

वन्सं,

इथेच थांबते. रागानं नाही. उपाहारगृहाच्या मागे खोली मिळालीय आणि बसवाल्यांच्या खाकी कपड्यांचं काम आहे. तुझ्या घरी आले तर रोज त्या चुलीसमोर उभी राहीन, आणि आईंसमोर. ते मला अजून जमायचं नाही. आणि खरं सांगू? घाटाच्या दोन्ही बाजूंना मी कुणाची तरी सून किंवा वहिनी आहे. इथे नुसती शिंपीण आहे.

हात कसा आहे? हाड नीट बसवायला सांग, मागच्या वेळेसारखं वर येऊ देऊ नकोस.

वहिनी


२४ जून

वन्सं,

निकाल तुला फोनवर कळलाच असेल. नऊ वर्षं. तुझी साक्ष आधीच झाली होती, तू कामावर परतलीस आणि आईंच्या साक्षीच्या दिवशी तू नव्हतीस. म्हणून ते सगळं लिहून कळवते. त्या स्वतः तुला सांगणार नाहीत.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या. तुला न सांगता बसमध्ये बसल्या होत्या, घाटात उलटी झाली होती, लुगड्यावर डाग होते. मी दार उघडलं. आत या म्हटलं नाही, पण पाणी दिलं. त्या उभ्यानंच प्यायल्या आणि म्हणाल्या, "उद्या मला बोलायचंय तिथे. एकटीनं जायचं धाडस होत नाही. तू शेजारी बसशील?" मी विचारलं, काय बोलणार? तर म्हणाल्या, "ते तिथेच ऐक." मग मी आत घेतलं. पहाटेच्या बसनं दोघी खाली माझ्या जुन्या गावी कोर्टात निघालो. त्या रस्ताभर माझ्या बहिऱ्या कानाच्या बाजूला बसून काहीतरी सांगत होत्या. मी त्यांना थांबवलं नाही, ऐकूही आलं नाही. बहुतेक त्यांना तेच हवं होतं.

कोर्टात त्याच्या वकिलानं आवाज चढवला. "तुम्ही जन्मदाती आई. आईचा जीव असा मुलावर उलटतो का?" आई पिंजऱ्याचा कठडा धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "ह्याचा बाप मला मारायचा. पोरं आतल्या खोलीत असायची. मी त्यांना सांगायची, स्वयंपाकघरात पडले. मुलीनं विश्वास ठेवला. मुलानं दाराच्या फटीतून बघितलं होतं, मला ठाऊक होतं, तरी मी काही बोलले नाही. सुनेचं कळलं तेव्हाही मीच त्याला फोन केला. आता मी सगळं सांगणार आहे, तुम्ही मध्ये बोलू नका."

आणि सगळं सांगितलं, वन्सं. तुमच्या वडिलांपासून. न्यायाधीशबाईंनी लिहिणाऱ्याला एकदाच हात वर करून थांबवलं, आईंना खुर्ची द्यायला सांगितली. त्यांनी ती घेतली नाही. तुझा दादा पूर्ण वेळ खाली बघत होता. शेवटी एकदाच म्हणाला, "आई, बस कर." त्या म्हणाल्या, "हेच मी तुझ्या बापाला म्हणायची."

तुला हे वाचून त्रास होईल. तुझे वडील तुझ्यासाठी वेगळे होते, मला माहीत आहे. हवं तितका वेळ घे. माझ्यावर रागावायचं असेल तर रागाव, मी त्याचं काही करायला जाणार नाही.

साक्षीनंतर मी त्यांना विमानानं पाठवणार होते. तिकीटघरापाशी जाऊन त्या म्हणाल्या, चाळीस मिनिटांत घरी पोचून काय करू? म्हणून माझ्याबरोबरच घाट चढून वर आल्या. त्याला आता आठवडा झाला. खाकी पँटींच्या कडा उसवून देतात, चुका काढतात, चहा फार गोड करतात. काही दिवस त्यांना इथेच राहू दे का? लग्नापासून मी घरात दुसरं माणूस जागं असताना कधी डोळे मिटले नाहीत. कुणी शेजारी वावरतंय आणि तरी मला झोप लागते का, ते मला बघायचंय.

काल दुपारी लागली.

वहिनी